शेवंडीची पिल्लं : आधी शेवाळ, मग फट

प्रश्न : शेवंड कपारीत सापडते. पिल्लंही तिथंच वाढतात का?

सुरुवातीला नाही. फ्लोरिडातल्या पॅन्युलिरस आर्गस या शेवंडीचं बालपण फार बारकाईनं तपासलं गेलं आहे. कोकणातली शेवंड याच कुळातली. मात्र ती चिखलाच्या तळावरही राहते, त्यामुळे पुढचे आकडे तिला जसेच्या तसे लावू नका.

अळी कित्येक महिने खोल समुद्रात तरंगते. मग तिचं पुढचं रूप, म्हणजे काचेसारखं पारदर्शक, काहीही न खाणारं प्युरुलस, अमावास्येच्या सुमारास, रात्रीच्या भरतीबरोबर उथळ पाण्यात येतं आणि लॉरेन्सिया या लाल शेवाळाच्या गुंत्यात शिरतं. काही दिवसांत अंगावर रंग चढतो, कात पडते. पाठीचं कवच साधारण १५ मिमी होईपर्यंत पिल्लू तिथंच एकेकटं राहतं. अंगावरचे पट्टे शेवाळात मिसळून जातात आणि बारीक गोगलगायी हाताशीच मिळतात.

प्रश्न : सर्वांत नाजूक काळ कोणता?

शेवाळ सोडण्याचा. १५ ते २० मिमीचं पिल्लू गुंत्यात मावत नाही आणि मोठ्या माशापुढे टिकतही नाही. त्याला स्पंजाखालची किंवा प्रवाळातली फट लागते. याच वयात एकटेपणा सुटतो. आधीच दडून बसलेल्या शेवंडीच्या लघवीचा वास ते हुंगतं आणि थेट तिच्या फटीकडे जातं. उघड्यावर भटकण्याचा वेळ वाचतो, हाच मोठा फायदा.

१९९१ च्या अखेरीस फ्लोरिडा बेमध्ये सूक्ष्म शैवाल माजलं आणि स्पंज मोठ्या प्रमाणावर मेले. पाणी निवळलं तरी पिल्लांची घरं गेलेली होती.

प्रश्न : एका फटीत दाटी झाली तर रोग पसरत नाही?

पसरू शकतो. पीएव्ही-१ विषाणूनं शेवंडीचं रक्त दुधासारखं पांढरं होतं. पण निरोगी शेवंड आजारी शेवंडीची फट टाळते, तीही आजारी शेवंड संसर्ग देण्याजोगी होण्याआधीच. हे निरीक्षण २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. टाकीत कोंडलेल्या शेवंडीला दूर जायला जागाच नसते, हे पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

प्रश्न : सिमेंटचे आडोसे टाकून पिल्लं वाढवता येतील?

येतील, पण आधी उंची बघा. मेक्सिकोत प्युर्तो मोरेलोसला समुद्री गवताच्या तळावर सुमारे १.१ चौरस मीटरचे, जेमतेम ३.८ सेंमी उंचीचे आडोसे ठेवले गेले आणि तिथली पिल्लं वाढली. खाणं भरपूर होतं, कमतरता होती ती फटींची. छप्पर उंच ठेवलंत तर शिकारी मासेच आत शिरतील. आणि जिथं प्युरुलस येतच नाहीत, तिथं आडोसे टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.