स्टोकॅस्टिक म्हणजे अनियमित का?

प्रश्न असा आहे की कृष्णविवराभोवतीच्या अ‍ॅक्रीशन डिस्कचा (म्हणजे फिरत फिरत आत पडणाऱ्या गॅसच्या तबकडीचा) उजेड कमीजास्त होत राहतो त्याला इंग्रजीत स्टोकॅस्टिक व्हेरिएबिलिटी म्हणतात, तर मराठीत 'अनियमित बदल' लिहिलं तर चालेल का, 'यादृच्छिक' फार जड वाटतं.

जड आहे खरं, पण माझं मत यादृच्छिकच्या बाजूने. अनियमित हजेरी म्हटलं की नियम आहे आणि कुणीतरी तो मोडतंय असं वाटतं, इथे कोणी काही मोडत नाहीये, नियम आहेच, फक्त तो शक्यतेचा आहे. मूळ शब्द यदृच्छा, म्हणजे योगायोग, आणि संख्याशास्त्रात यादृच्छिक चल वगैरे रुळलेलंच आहे.

आता गंमत अशी की यादृच्छिक म्हटलं की लोकांना वाटतं आजच्या उजेडाचा उद्याशी काही संबंधच नाही. तसं नसतं. 2009 मध्ये खगोलशास्त्रज्ञ केली आणि सहकाऱ्यांनी क्वेझारांसाठी (दूरच्या दीर्घिकांच्या मध्यावरची, महाकाय कृष्णविवरांभोवतीच्या डिस्कमुळे झगझगणारी केंद्रं) जे मॉडेल वापरलं त्याला डॅम्प्ड रँडम वॉक म्हणतात, गणित तेच जे उलेनबेक आणि ऑर्नस्टीन यांनी 1930 मध्ये ब्राउनियन गतीसाठी, म्हणजे द्रवातल्या बारीक कणांच्या वेड्यावाकड्या हालचालीसाठी, मांडलं होतं. लवचिक दावं लावलेलं जनावर कसं, पाऊल कुठे पडेल सांगता येत नाही पण खुंटीपासून जेवढं लांब जाईल तेवढी ओढ जास्त, तसा उजेड सरासरीकडे ओढला जातो आणि वर नवे धक्के बसतच राहतात. जुन्या धक्क्याची आठवण किती काळात विरते तो या मॉडेलचा मुख्य आकडा, दृश्य प्रकाशात बऱ्याच क्वेझारांसाठी तो काहीशे दिवसांच्या घरात येतो. म्हणून डॅम्प्डला 'अवमंदित' बरा, दोलनाच्या धड्यात तो आहेच, फक्त इथे दोलन नाहीये हे सांगावं लागेल.

मॉडेल सगळीकडे बसतं असंही नाही हं. केप्लर दुर्बिणीच्या नोंदींमध्ये काही सक्रिय दीर्घिकांचे (ज्यांच्या मध्यावरचं कृष्णविवर गॅस गिळतंय अशा) थोड्या काळातले बदल या मॉडेलपेक्षा जास्त गुळगुळीत निघाले. आणि एक्स-रेमध्ये सिग्नस एक्स-1 या आपल्या आकाशगंगेतल्या कृष्णविवरासारख्यांचा सरासरी उजेड वाढला की चढउतारही त्याच प्रमाणात वाढतात, सुट्या सुट्या ठिणग्यांची नुसती बेरीज असती तर असं व्हायला नको होतं. 1997 मध्ये ल्युबार्स्की यांनी मांडलेल्या कल्पनेत डिस्कच्या बाहेरच्या कड्यांमधले गॅसच्या प्रवाहातले चढउतार आत आत सरकतात आणि आतल्या चढउतारांशी त्यांचा गुणाकार होतो, त्यात हे बरोबर बसतं.

त्यामुळे 'ठिणग्या', 'चमचम' असले शब्द टाळलेले बरे. आणि 'लुकलुकणं' तर नकोच, ते आपल्या वातावरणामुळे होतं, तिथे डिस्कचा काही हात नाही.