दुपारी मान टाकणारा मोगरा

प्रश्न : काकू, आम्ही लातूरला राहतो. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. ओट्यावर मोगऱ्याच्या चार कुंड्या आहेत. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालते, तरी दुपारी दोनला मान टाकतात. पानांच्या कडाही करपल्यात. फिल्टरचं वाया जाणारं पाणी मी त्यांनाच घालते. सासूबाई म्हणतात, धुण्याचंही घाल. अंगणातल्या काळ्या मातीत कढीपत्ता आणि जास्वंद आहे, तिथे भेगा पडल्यात. त्यात ह्यांना दारात दहा बाय दहा फुटांची हिरवळ हवी आहे. काय करू?

उत्तर : आधी हिरवळीचं बोलून घेऊ, म्हणजे विषय मिटेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात आपल्याकडे गवतातून दिवसाला सहा मिलिमीटर तरी पाणी उडतंच. दहा बाय दहा फूट म्हणजे साधारण सव्वानऊ चौरस मीटर, म्हणजे रोज पंचावन्न लिटर. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा थाट कशाला? ह्यांना सांगा, काकू नाही म्हणाल्या. दारात कण्हेर लावा, बोगनवेल लावा. एकदा मूळ धरलं की दोन्ही उन्हाला भीक घालत नाहीत.

आता मोगरा. दुपारी दोनला पान लवलं म्हणजे झाड तहानलेलंच असतं असं नाही. मुळं ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडतं, म्हणून ते मान टाकतं. सकाळी सहाला जाऊन पाहा. तेव्हा ताठ असेल तर पाण्याला हात लावू नका. तेव्हाही लोळलेलं असेल, तर कुंडीत दोन पेरं बोट खुपसा, कोरडं लागेल. रोजचं तांब्याभर पाणी वरच्या दोन इंचांत मुरतं आणि दुपारपर्यंत उडून जातं. मुळंही मग त्या ओलीसाठी वरच घुटमळतात आणि भाजतात. त्यापेक्षा तीन दिवसांनी, संध्याकाळी, खालच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या. कुंड्या पश्चिमेच्या उन्हातून काढून एकमेकींना चिकटवून ठेवा.

कडा करपल्यात त्याला मला फिल्टरचं पाणी कारण दिसतं. फिल्टर गोडं पाणी तुम्हाला देतो आणि क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात सोडतो. मूळ पाणी बोअरचं असेल तर बघायलाच नको. कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरलीय का पाहा. ते पाणी फरशीला, संडासाला वापरा. पावसाळ्यात कुंड्या पागोळ्यांखाली ठेवा, साठलेले क्षार धुऊन निघतील. सासूबाईंचा मान राखून सांगते, साबणाचं पाणीही नको. त्यातल्या सोडियमने काळी माती आणखी चिवट होते. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी खुशाल घाला, पण त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी त्याला वास मारतो.

आणि संक्रांतीची सुगडं टाकून दिली नसतील तर बाहेर काढा. एक सुगड पाण्याने भरून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरून हाताला दमट लागलं तर कामाचं. रंगवलेलं असेल तर पाझरणार नाही. कुंडीत मोगऱ्याच्या बुंध्यापासून चार बोटं लांब ते गळ्यापर्यंत पुरा, भरा, वर पणती झाका. उघडं राहिलं तर डास होतात. माती कोरडी पडेल तसं ते पाझरतं, ओली असली की पाझरणं मंदावतं. कढीपत्त्याशेजारी असंच पाच लिटरचं बिनरंगाचं मडकं पुरा. सोलापुरात माझ्या अंगणात जास्वंदीला अशी दोन मडकी आहेत आणि कुंभारीण मला आता ‘फुटकं नको ना, पुरायचंय ना?’ असं विचारूनच मडकं देते.

काळ्या मातीच्या भेगांकडे मात्र आजच बघा. भेगेतून खोलवरची ओल उडते आणि भेग पडताना बारीक मुळंही तुटतात. शेतकरी ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते याचसाठी; कोळपणी म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती हलवणं. वरची दोन इंच माती खुरप्याने भुसभुशीत करून भेगा बुजवा, आळं भरून पाणी द्या आणि मग तीन इंच सोयाबीनचा भुसा पसरा. तुमच्याकडे त्याला काय तोटा! फक्त बुंध्याला टेकू देऊ नका आणि अधूनमधून उचकून पाहा, उधई म्हणजे वाळवी लागते.

प्रश्न : दहा दिवस गावी जायचंय. कुंड्यांचं काय? (जळगाव)

उत्तर : शेजारणीला किल्ली द्या. ते जमत नसेल तर जायच्या आदल्या दिवशी फुलं-कळ्या खुडून टाका, निथळेपर्यंत पाणी द्या आणि सगळ्या कुंड्या उत्तरेच्या सावलीत एकत्र ठेवून वर ओलं गोणपाट टाका. कोरफड आणि सदाफुली नक्की तगतील. मिरचीची खात्री मी देणार नाही.