मुलाचा घसा दुखतोय, डॉक्टरकडे न नेता घरच्या घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की मुलगा नऊ वर्षांचा आहे, आज चौथा दिवस आहे, गिळताना दुखतं, अंगात ताप आहे, "पण खोकला-सर्दी अजिबात नाही, म्हणजे साधंच असणार, उगाच अँटिबायोटिक नको." हे शेवटचं वाचलं आणि मळलेलं पीठ तसंच झाकून लिहायला बसले. खोकला नाही म्हणजे साधंच, हे वाक्य आमच्या घरात 1991 साली बोललं गेलं होतं.

आधी उपाय, कारण ते तुम्ही मागितलेत. माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, सातारा जिल्हा. आमच्याकडे रानात आलं आणि हळद, परसात तुळस आणि अडुळसा. घशाला काय करायचं हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. रात्री हळदीचं दूध, त्यात मिरपुडीची चिमूट, कारण मिरीशिवाय हळद अंगी फारशी लागत नाही. सुंठ, गूळ आणि तूप यांची बोराएवढी गोळी चघळायला. आल्याचा रस मधातून. ज्येष्ठमधाची काडी. यातलं काहीही करा, घशाला बरं वाटेल. गुळण्यांच्या मिठाचं तेवढं सांगते, कारण त्यात बहुतेक जण चुकतात. आजी पितळी फुलपात्रात खडेमीठ टाकायची, बोटाने ढवळायची, थेंब जिभेवर घ्यायची आणि म्हणायची, "डोळ्यातल्या पाण्यावाणी लागलं पायजे." पुढे मी चमच्याने मोजून पाहिलं. पेलाभर पाण्याला अर्धा चमचा मीठ. त्याहून कमी घातलं तर नुसती चूळ भरल्यासारखं होतं, जास्त झालं तर घसा आणखी चरचरतो.

आता दादाचं सांगते.

फेब्रुवारी महिना होता. हळद काढून झाली होती आणि शेताच्या कडेला काहिली लागल्या होत्या. हळद शिजायला लागली की तो वास कपड्यांना, केसांना, अंथरुणाला, सगळ्याला लागतो. दादा अकरा वर्षांचा, पाचवीत, मी नऊची. एका संध्याकाळी तो जेवायला बसला आणि पहिलाच घास तोंडात धरून राहिला, गिळेना. आजीने त्याला दारात नेलं, तोंड उघडायला लावलं आणि बॅटरी मारली. मीही डोकावले होते. आत सगळं लालभडक, आणि दोन्ही बाजूंना तांदळाच्या कण्या चिकटाव्यात तसे पांढरे ठिपके. जबड्याखाली दोन्हीकडे अवधाण, म्हणजे गाठी आलेल्या, बोट लावलं की कळवळायचा. अंग तापलेलं. सर्दी नाही, खोकला नाही.

आजीने जे करायचं ते सगळं केलं. गुळण्या, हळदीचं दूध, ओव्याच्या पुरचुंडीचा शेक. पडजीभ खाली आलीय म्हणून अंगठ्याला मीठ लावून ती वर दाबली, तेव्हा दादा आजीच्या हातालाच चावला. आई दोनदा म्हणाली, कोरेगावला दाखवून आणू या. थोरले चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, काहिलीपाशी बसले होते. ते म्हणाले, "खोकला नाय काय नाय, साधा घसा धरलाय. आल्याच्या गावात घशाला डागदर कशाला?" थोरल्या भावासमोर वडील कधी बोलायचे नाहीत. विषय तिथेच मिटला.

आणि सहाव्या दिवशी दादा बरा झाला. अगदी बरा. ताप गेला, भाकरी खाऊ लागला, बैलगाडीच्या मागे लोंबकळू लागला. हे मुद्दाम सांगते, कारण अण्णांचा सगळा वाद या सहाव्या दिवसावरच उभा आहे.

होळीला चार-पाच दिवस असताना त्याचा उजवा गुडघा सुजला. लाल, गरम, आणि इतका दुखरा की वाकळ अंगावर घेऊ देईना. दोन दिवसांनी गुडघा आपोआप उतरला आणि डावा घोटा धरला. मग मनगट. एक सांधा सोडायचा, दुसरा धरायचा. अण्णा म्हणाले, वात आहे, पाटाच्या पाण्यात खेळला त्याचा. निर्गुडीचा पाला आणून शेकायला लावला. होळीच्या दुसऱ्या दिवशी दादा माळ्यावर चढला आणि मधल्याच पायरीवर बसला, धापा टाकत. आईने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुणालाही विचारलं नाही. दादाला पाठुंगळी घेतलं, माझा हात धरला आणि एसटीने साताऱ्याला गेली. लग्न होऊन आल्यापासून घरच्यांना न विचारता ती पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पडली होती.

डॉक्टरांनी गुडघे पाहिले, घोटे पाहिले. मग दादाला डाव्या कुशीवर झोपवलं आणि छातीला नळी लावून खूप वेळ ऐकत राहिले. मी आईच्या पदराला धरून उभी होते. नळी काढून त्यांनी विचारलं, "दोन-तीन आठवड्यांमागं याचा घसा धरला होता का?"

आई गडबडली. आम्ही पायाचं दाखवायला गेलो होतो. घशाचं तिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

त्याला संधिवाताचा ताप म्हणतात, इंग्रजीत रूमॅटिक फीवर. डॉक्टर म्हणाले, हा आजार सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. घशातला एक ठरावीक जंतू असतो, स्ट्रेप्टोकॉकस. त्याच्याशी लढायला शरीर जे हत्यार तयार करतं ते आपल्याच हृदयावर आणि सांध्यांवर चालतं, कारण त्या जंतूचं आवरण आणि हृदयाच्या ऊती यांत काही भाग सारखा असतो. शरीराची ओळखण्यात चूक होते. सांधे महिन्याभरात पूर्वीसारखे होतात, हृदयाची झडप होईलच असं नाही. दादाची झाली नाही.

तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, पुन्हा घसा धरून नवा घाला पडू नये म्हणून. दुधासारखं पांढरं, घट्ट औषध. आधी हाताला टेस्ट, मग जाड सुईने कमरेत. कधी कधी सुईच तुंबायची आणि पुन्हा टोचावं लागायचं. दादा पालथा पडून टोपी दातात धरायचा. त्या दिवशी तो शाळेत बसू शकायचा नाही, उभ्यानेच लिहायचा. आई भिंतीवरच्या कालनिर्णयवर एकवीस-एकवीस दिवस मोजून पेन्सिलीने गोल करायची, आणि नवं कॅलेंडर आलं की पहिलं काम तेच. वर्षाला सतरा गोल. 2008 मध्ये झडप आकसली म्हणून पुण्यात फुग्याने रुंद करून घ्यावी लागली. 2020 मध्ये, चाळिशी झाल्यावर, डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं. हिशेब केला तर पाचशेच्या आसपास होतात. दादा आज शेती करतो, पण आल्याचं पोतं पाठीवर घेत नाही.

आता अण्णांचं. ते ऐंशीच्या पुढे आहेत, हातात मोबाईल आहे आणि मराठीतलं सगळं वाचतात, त्यामुळे हेही वाचतील. गेल्या दिवाळीला पुन्हा म्हणाले, "आईच्या औषधानं घसा सहा दिवसांत बरा केला होता. पुढचं तुमच्या डॉक्टरांनी वाढवलं." अण्णा, घसा बरा झाला होता हे मी कधीच नाकारलं नाही. पण तो आजीच्या औषधाने झाला नव्हता. या जंतूने धरलेला घसा काहीच केलं नाही तरी बहुतेक वेळा आठवड्यात आपोआप बरा होतो. आजीने नुसतं गरम पाणी पाजलं असतं तरी दादा सहाव्या दिवशी बैलगाडीमागे धावलाच असता. गुळणीचं पाणी घशातल्या जंतूला संपवत नाही. सूज उतरते, ठणका कमी होतो, एवढंच तिचं काम आणि ते ती चांगलं करते. औषध द्यायचं होतं ते घशासाठी नव्हे, अडीच आठवड्यांनी येणाऱ्या तापासाठी. आजीला हे माहीत असायचं कारण नव्हतं आणि तिच्यावर माझा तिळभर राग नाही. ती शेवटपर्यंत दादाच्या गोल केलेल्या तारखा पाठ ठेवून होती. राग आहे तो, डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावरही चौतीस वर्षं तेच बोलत राहण्याचा.

म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्हाला जे चांगलं लक्षण वाटतंय तेच मला खटकतंय. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर ते बहुधा विषाणूचं असतं आणि त्याला घरचे उपायच पुरतात. पाच ते पंधरा वर्षांचं मूल, ताप, खोकला नाही, गळ्याला दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरं, हे एकत्र दिसलं तर डॉक्टरने घसा पाहायलाच हवा. आज रात्री मोबाईलची बॅटरी मारा आणि त्याच्या घशात बघा. जबड्याखाली बोटं फिरवा. अंगावर कुठे पुरळ आहे का तेही पाहा. तुमच्या हातात वेळ आहे. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हा पुढचा ताप टळतो, आणि तुमचा आज चौथाच दिवस आहे. औषधही काही भारी नसतं. साधं पेनिसिलिन किंवा त्याच्याच जातीचं, बहुतेक वेळा दहा दिवस. दहा म्हणजे दहा. तिसऱ्या दिवशी पोरगं खेळायला लागलं म्हणून बाटली फ्रीजमध्ये मागे सारायची नाही.

अँटिबायोटिक नको हे तुमचं म्हणणं चुकीचं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. सर्दी-पडशाला मेडिकलमधून स्वतःच्या मनाने तीन गोळ्यांचं पाकीट आणणारे लोक मला अण्णांइतकेच चूक वाटतात. विषाणूवर त्या गोळ्या चालतच नाहीत. लागतं की नाही हे घसा बघून, गरज पडली तर घशातला नमुना तपासून डॉक्टरने ठरवावं. न नेताच ठरवू नका, एवढंच.

मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बहुतेक घसेदुखी साधीच असते आणि या जंतूने घसा धरलेल्यांतही फार थोड्या मुलांना पुढे दादासारखं होतं, हेही खरं. पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं आणि एखाद्या पोराच्या छातीवर नळी नेहमीपेक्षा जास्त वेळ टेकलेली दिसते, तेव्हा माझं शिकवणं थांबतं.

वरच्या उपायांचं राहिलेलं सांगते. मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचा नाही. आजोबांना रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध रोज चघळू देऊ नका, तो रक्तदाब वाढवतो. पातेल्यावर वाकवून मुलाला वाफ देऊ नका, घशाला त्याचा फारसा उपयोग नाही आणि उकळतं पाणी मांडीवर सांडून भाजलेलं पोर मी वर्गात पाहिलंय. काढाही माफक. करोनाच्या काळात आयुष मंत्रालयाने दिवसातून एकदा-दोनदा सांगितला होता, आणि आमच्या गल्लीत लोक सहा-सहा वेळा पिऊन तोंड सोलवून बसले होते. पडजीभ दाबायची असं कुणी सांगितलं तर मुलाला हात लावू देऊ नका. थंड पाणी मागितलं तर द्या, त्याने काही बिघडत नाही, उलट दुखऱ्या घशाला आराम पडतो.

लाळ गिळता येत नसेल आणि तोंडातून गळत असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, किंवा श्वास घेताना आवाज येत असेल तर सकाळची वाट पाहू नका, आत्ता निघा. तसं काही नसेल तर रात्री गुळण्या करून झोपवा आणि सकाळी न्या. डॉक्टरांना खोकला नाही हे आठवणीने सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही. आणि घसा बरा झाला तरी पुढचा महिनाभर तो गुडघा, घोटा, मनगट असं काही दुखतंय म्हणाला किंवा जिना चढताना मध्येच थांबला, तर परत न्या, आणि घशाचं सांगायला विसरू नका.