द्रव, तरल की द्रायू?

ठाण्याच्या एका ताई भूशास्त्रावरचा लेख मराठीत आणतायत. त्यात ‘उच्च दाबाच्या रूपांतरित खडकांतली खनिजे तिथल्या फ्लुइडविषयी काय सांगतात’ असं वाक्य आहे. फ्लुइडला ‘द्रव’ म्हटलं तर चालेल का, असं त्या विचारतायत.

इथे नाही चालणार. समुद्रतळाचा बेसॉल्ट दुसऱ्या भूपट्टाखाली ६०-७० किलोमीटर खोल जातो, तेव्हा दाब वातावरणाच्या सुमारे २०,००० पट असतो आणि तापमान बहुधा ५००-६०० अंशांच्या घरात. पाण्याचा क्रांतिक बिंदू ३७४ अंश सेल्सिअस आणि सुमारे २२१ बार. त्यापलीकडचं पाणी धड द्रवही नाही, धड वायूही नाही.

‘तरल’ हिंदी पुस्तकांतून येतो. मराठीत तरल असते ती कविता. ‘प्रवाही’ हे विशेषणच बरं. मराठी विश्वकोशात ‘द्रायुयामिकी’ आहे, तिथला ‘द्रायू’ घ्या: द्रव अधिक वायू. जरा कृत्रिम वाटतो खरा, पण दोघांना पोटात घेतो.

मात्र सरसकट द्रायू ठोकू नका. लॉसोनाइट या खनिजात वजनाच्या ११ टक्क्यांहून जास्त पाणी असतं, पण ते स्फटिकाच्या रचनेत बांधलेलं. तिथे ‘पाणी’च लिहा. खडक आणखी तापला की लॉसोनाइट मोडतं, पाणी मोकळं होतं, तो द्रायू. तो बहुतेक निघून जातो, साक्षीला खनिजं उरतात. गार्नेट थरावर थर चढवत वाढतो. मध्येच परका द्रायू शिरला, तर पुढच्या थरांतलं ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (हलक्या आणि जड अणूंचं) प्रमाण बदलतं. काही दाण्यांत द्रायूचे कण कोंडले जातात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. थंड झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत पुष्कळदा पाणी आणि त्यात हलणारा वायूचा बुडबुडा वेगवेगळे दिसतात. त्या पाण्याला खुशाल ‘द्रव’ म्हणा.

(हे बघायला ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगरावर जाऊ नका. तिथला बेसॉल्ट लाव्हारसाचा, त्याने असला दाब कधी सोसलेला नाही. त्यासाठी लडाखात त्सो मोरारीला जावं लागेल. तिथे एक्लोगाइट आहे, म्हणजे असा खोल जाऊन दाबाखाली बदललेला बेसॉल्ट.)

लिहिताना द्रायू ‘वायू’सारखाच पुल्लिंगी चालवा: तो द्रायू, द्रायूचा, द्रायूंमुळे. सुटा असताना यू दीर्घ, समासात ऱ्हस्व: वायुदाब तसा द्रायुदाब.