डब्यावरचा ‘सिंथेटिक’ शब्द आणि आपल्या गाडीचे इंजिन

प्रश्न : माझ्याकडे १५० सीसीची एअर-कूल्ड मोटारसायकल आहे. सहा वर्षांत ती २७,००० किलोमीटर चालली असून आजवर तिच्यात १०डब्ल्यू-३० ग्रेडचे सेमी-सिंथेटिक ऑइलच घातले आहे. कामावर जाण्यायेण्यासाठी ती वापरतो. एका वेळचे अंतर जेमतेम सहा किलोमीटर. वर्षातून दोनदा सामान बांधून लांबचा प्रवास होतो. ‘आता फुल्ली सिंथेटिक टाका, १०,००० किलोमीटर बघायला नको,’ असे मेकॅनिक म्हणतो, तर जुन्या इंजिनात सिंथेटिक घातले की गळती सुरू होते, असे एका मित्राचे म्हणणे आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही पूर्णपणे ऐकू नये. आपला वापर पाहता सेमी-सिंथेटिकवरच राहावे आणि ते वेळेवर बदलावे, असे माझे मत आहे. कारणे मात्र जरा विस्ताराने सांगावी लागतील, कारण ‘सिंथेटिक’ हा शब्द ऐकायला जितका नेमका वाटतो तितका तो नाही.

इंजिन ऑइलचा बहुतांश भाग म्हणजे बेस ऑइल. एपीआय या अमेरिकी संस्थेने त्याचे पाच गट पाडले आहेत. पहिले दोन गट म्हणजे कच्च्या तेलापासून शुद्ध केलेली खनिज तेले. तिसराही मुळात कच्च्या तेलातूनच येतो, पण त्याच्यावर प्रचंड दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून रेणूंची घडणच बदललेली असते. चौथा गट पीएओचा, म्हणजे लहान रेणू जोडून कारखान्यात घडवलेल्या तेलाचा; उरलेले सारे, एस्टर नावाची कृत्रिम तेले धरून, पाचव्यात जाते. तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणावे की नाही यावरून मोबिल आणि कॅस्ट्रॉल या ऑइल कंपन्यांमध्ये अमेरिकेत वाद झाला आणि १९९९ साली तिथल्या जाहिरात-परीक्षण संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिलेल्या डब्यात तिसऱ्या गटाचे तेल असणे अगदी नेहमीचे झाले आहे. सेमी-सिंथेटिकमध्ये खनिज आणि सिंथेटिक तेलांचे मिश्रण असते. पण सिंथेटिकचा वाटा किती, हे डब्यावर सहसा छापलेले नसते.

असे असले तरी चांगल्या सिंथेटिकचे गुण खरे आहेत. त्याचे रेणू बरेचसे एकसारखे असल्यामुळे ते उष्णतेत कमी उडून जाते, सावकाश जळते आणि थंडीत लवकर वाहू लागते. मोटारसायकलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. कारमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांची तेले वेगळी असतात. आपल्या गाडीत मात्र एकच ऑइल पिस्टन, क्लच आणि गिअर या तिघांनाही पुरते. तापल्यावर ऑइल फार पातळ होऊ नये म्हणून त्यात पॉलिमरच्या लांब साखळ्या मिसळलेल्या असतात आणि गिअरचे दाते त्या अक्षरशः कातरत जातात. सर्व्हिसिंगची वेळ जवळ आली की गिअर खरखरीत पडू लागतो, न्यूट्रल सापडेनासा होतो, हा अनुभव आपल्यालाही असेल. त्यामागे बहुधा हेच कारण असते. उत्तम सिंथेटिकला अशा पॉलिमरची गरज कमी लागते, म्हणून ते अधिक काळ टिकते.

मग आपल्याला ते का नको? सहा किलोमीटरमध्ये इंजिन तापते, पण ऑइल पुरेसे तापत नाही. त्यामुळे ज्वलनातून खाली उतरलेली पाण्याची वाफ आणि न जळलेले पेट्रोल उडून न जाता ऑइलमध्येच साठत राहते. थंडीच्या दिवसांत ऑइल भरायचे झाकण उघडून पाहावे. आतल्या बाजूला दुधाळ, सायीसारखा थर दिसला, तर तो याच ओलाव्याचा असण्याची शक्यता सर्वांत जास्त. यावर सिंथेटिक हा उपाय नाही, ऑइल काढून टाकणे हाच उपाय आहे. आपल्या हिशेबाने १०,००० किलोमीटर व्हायला दोन वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि इतके दिवस ते दूषित ऑइल फिरवत ठेवण्यापेक्षा मॅन्युअलमध्ये दिलेले किलोमीटर आणि महिने यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा साधे सेमी-सिंथेटिक बदलणे केव्हाही चांगले. लांबच्या प्रवासापूर्वी ताजे ऑइल भरून घ्यावे, म्हणजे तीही काळजी मिटेल. रोज तासन्‌तास कोंडीत तापणारी, भरपूर आरपीएमवर पळवली जाणारी किंवा कडाक्याच्या थंडीत सुरू करावी लागणारी गाडी असती, तर मी नि:शंकपणे फुल्ली सिंथेटिक सुचवले असते.

मित्राच्या भीतीत थोडे तथ्य आहे, पण ते जुन्या काळातले. सुरुवातीच्या पीएओ तेलांनी काही रबरी सील आक्रसत असत. आता त्याची काळजी ऑइल बनवतानाच घेतली जाते. सील आधीच कडक झाले असेल आणि साचलेल्या मळाने फट बुजलेली असेल, तर नवे ऑइल तो मळ धुऊन लपलेली गळती उघड करते, इतकेच.

प्रकार कोणताही घ्या, ग्रेड आणि जासोची खूण मात्र सोडू नका. १०डब्ल्यू-३० मधील ३० याचा अर्थ १०० अंश सेल्सिअसला ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असतो, मग ते सेमी असो वा फुल्ली. जपानच्या जासो मानकातील एमए किंवा एमए२ ही खूण ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी असते. एमबी तशा क्लचसाठी नाही. फार वर्षांपूर्वी मी घाईत कारचे, घर्षण कमी करणारे ऑइल माझ्या गाडीत ओतले होते. पहिल्याच चढावर क्लच घसरू लागला; इंजिन जीव तोडून ओरडू लागले आणि गाडी मात्र रांगत राहिली. डबा उत्तम फुल्ली सिंथेटिकचा होता!

प्रश्न : प्रवासात ऑइल कमी झाले आणि सेमी-सिंथेटिक मिळाले नाही, तर वरून फुल्ली सिंथेटिक घालता येईल का?

उत्तर : येईल. ग्रेड तीच आणि जासो एमए किंवा एमए२ असेल, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. कमी ऑइलवर गाडी रेटण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. मात्र भरण्याआधी पातळी नीट मोजावी. गाडी सपाट जागी सरळ उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे आणि मगच डिपस्टिक पाहावी. ती फिरवून घट्ट बसवायची की नुसती टेकवायची, हे गाडीगणिक वेगळे असते आणि तेवढ्या फरकाने मोजमाप चुकते. वरच्या खुणेपलीकडे भरू नये, कारण क्रँक, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा दांडा, त्या जादा ऑइलला घुसळून त्याचा फेस करतो.