खांब हा स्तंभाचा अपभ्रंश नाही, कृपया

प्रश्न असा आलाय की 'कॉलम'ला मराठीत नेमका शब्द कुठला. विचारणाऱ्याने एका फॉर्मचं मराठी केलं, त्यात 'रकाना' लिहिलं, तर साहेबांनी ते खोडून 'स्तंभ' केलं आणि वर ऐकवलं की रकाना, खांब हे सगळं गावठी, शुद्ध शब्द स्तंभ, खांब हा त्याचाच अपभ्रंश.

उत्तर आधी उरकतो. तक्त्यात, वहीत, एक्सेलमध्ये असेल तर रकाना. पेपरात 'रकानेच्या रकाने भरून आलं' असं आपण म्हणतोच, तिथे कोणी स्तंभच्या स्तंभ म्हणत नाही. दर आठवड्याला कोणीतरी लिहितो ते सदर. पाठीचा तो कणा. सिमेंटचा असेल तर साइटवर कॉलमच म्हणतात, 'कॉलम भरला', 'कॉलमच्या रिंगा बांधल्या', आणि हेच बोलणारा मिस्त्री बाहेर रस्त्यावरच्या दिव्याला मात्र खांब म्हणतो, त्याला कधी गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो टेबलामागे बसणाऱ्यांचा. शाळेच्या गणितात 'जोडस्तंभालेख' वगैरे आहे ते राहू दे, मुलांनी पाठ केलंय.

स्तंभ म्हटलं की शुद्ध, या हौसेचा सगळ्यात वाईट नमुना म्हणजे 'पंचमस्तंभी', इंग्रजी 'फिफ्थ कॉलम'वरून केलेला. 1936 साली स्पेनच्या यादवीत माद्रिदवर चार बाजूंनी फौजा चालून जात होत्या, आणि आमची पाचवी फौज शहराच्या आतच बसलीये अशा अर्थाचं बोलणं जनरल मोलाच्या नावावर सांगतात. तिथला कॉलम म्हणजे कूच करणारी सैन्याची लांबच लांब रांग. कोणीतरी डिक्शनरी उघडली, पहिला अर्थ उचलला, आणि फितुरांना आपण खांब करून टाकलं. आता तर लोक पत्रकारिता चौथा स्तंभ म्हणून सोशल मीडियाला कौतुकाने 'लोकशाहीचा पाचवा स्तंभ' म्हणतात. अरे, त्या शब्दाचा अर्थ घरभेदी असा होतो, बोलण्याआधी बघा तरी! (याच फौजी रांगेवरून इटालियनमध्ये 'कोलोनेल्लो' झालं, फ्रेंचांनी त्यातल्या एका ल चा र केला, इंग्रज अजून लिहितात ल ने आणि बोलतात र ने, आपण बोलण्यावर गेलो म्हणून आपला 'कर्नल'. म्हणजे कर्नलसाहेब मुळात खांबवालेच.)

असो. आता मुद्द्याचं, खांब.

खांब हा स्तंभाचा अपभ्रंश आहे हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं की डोकं उठतं. संस्कृतातला 'स्त' प्राकृतात गेला की त्याचा 'थ' होतो, हे उदाहरणं घेऊन कोणीही तपासावं. हस्तचा हत्थ आणि मग आपला हात, मस्तकचा मत्थअ आणि मग माथा, पुस्तकाची पोथी. मग एकट्या स्तंभालाच काय झालं की त्याचा 'ख' व्हावा? झालाच नाही. स्तंभचा नियमाप्रमाणे थंभ झाला, आणि तो थंभ आपण रोज वापरतो: थांब! रिक्षावाल्याला ओरडतो ते थांब. संस्कृतात स्तंभ् धातूचा अर्थ टेकू देणे, आणि अडवणे, जागच्या जागी खिळवणे असाही. स्तंभित होणे, जलस्तंभन हे त्यातलंच. म्हणजे साहेबांना स्तंभाचा खराखुरा अपभ्रंश हवा असेल तर तो एसटीच्या पाटीवर लिहिलाय, 'विनंती थांबा'.

आणि खांब? तो 'स्कंभ'चा. हा वेगळा, वेदातला शब्द आहे, अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात अख्खं स्कंभसूक्त आहे, सगळं विश्व ज्याच्या आधारावर उभं आहे तो स्कंभ. 'स्क'चा 'ख' होणं अगदी सरळ, स्कंधचा खांदा झाला तसाच स्कंभचा खांब. शेवटच्या 'भ'चा 'ब' का झाला असं विचाराल तर मराठीला सहसा एका शब्दात दोन हकारयुक्त अक्षरं (ह, किंवा ह मिसळलेली ख, थ, ध, भ अशी) झेपत नाहीत, ती पहिलं ठेवते आणि दुसरं सोडते: हिंदीत हाथ, आपल्याकडे हात, तिकडे भूख, इकडे भूक, तिकडे खंभा, इकडे खांब. जांभई आणि कुंभार यांत एकच होतं म्हणून तिथे भ टिकला. आणि गंमत बघा, स्कंधचा प्राकृतात खंध झाला, त्यातला पहिला हकार हिंदीने सोडला आणि 'कंधा' केला, आपण दुसरा सोडून 'खांदा' केला.

आता कोणीतरी प्राकृताचा जुना व्याकरणकार वररुची काढणार हे मला माहितीये. प्राकृतप्रकाशात त्याने 'स्तम्भे खः' असं सूत्रच दिलंय, स्तंभमधल्या स्तचा ख होतो म्हणून, आणि पुढच्या काळातला व्याकरणकार हेमचंद्र यानेही विकल्पाने तेच मान्य केलंय, खंभ आणि थंभ दोन्ही. दोघेही थोर, पण एका शब्दासाठी एक वेगळं सूत्र लिहावं लागतं तेव्हाच समजायचं की काहीतरी बळेच बसवलंय. पंडितांच्या रोजच्या संस्कृतात स्कंभ जवळपास मेला होता, लोकांच्या तोंडी मात्र खंभ जिवंत, मग त्याचा बाप म्हणून जवळचा स्तंभ उभा केला. टर्नरने भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश केला त्यात खांब सरळ स्कंभखाली टाकलाय, आणि मी टर्नरच्या बाजूने आहे. गुजरातमधल्या खंभात शहराचं असंच केलंय, लोक म्हणतात खंभात आणि संस्कृत लिहिणारे लिहितात स्तंभतीर्थ.

मला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट कार्ल्याच्या लेण्यांची. एकवीरेला जाणारे शेकड्याने लोक चैत्यासमोरच्या सिंहाच्या खांबाशेजारून जातात, त्या खांबावर ब्राह्मीत लेख आहे, महारथी गोतिपुत्र अगिमित्रणकाचं दान, आणि दान कशाचं तर 'सिहथभो'. सिंहखंभ नाही, सिंह*थभ*! आतल्या खांबांवरही धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी (म्हणजे ग्रीक वगैरे परदेशी लोकांनी) आणि इतरांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत, तिथेही थभ. अशोकाने लुंबिनीत जो खांब उभारला त्यावरही 'सिलाथभे' आहे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या सह्याद्रीत कोरलेला शब्द थ चा होता, आणि पुढे त्याच मुलखात ख वाला जिंकला. पंढरपूरला सोळखांबी आणि चौखांबी आहे, गरुडखांबाला मिठी मारतात, खेळ मल्लखांब, थ कुठेच नाही.

का जिंकला? माझी थिअरी, कोणी मानो न मानो: मराठीत थंभ हा शब्द क्रियापदाने बळकावला. थांबणे, थांबवणे, थांबा, सगळीकडे तोच, त्यात वस्तूलाही थांब म्हटलं असतं तर 'थांबाला थांब' असले प्रकार झाले असते. तेव्हा कामाला थ, वस्तूला ख अशी वाटणी झाली. यावर गुजराती मंडळी लगेच म्हणतात की आमच्याकडे थंभवुं पण आहे आणि विजेच्या खांबाला थांभलो पण आहे, आमचं कुठे अडलं? अडलं ना! म्हणून तर तुम्ही शेपटीला 'लो' लावलात, क्रियापदापासून वेगळा दिसावा म्हणून. ही माझ्याच बाजूची साक्ष झाली.

क्रिकेटचा स्टंप आणि आपला स्तंभ एकाच मुळाचे असं बरेच भाषाशास्त्रज्ञ धरतात, आणि दिवसाचा खेळ थांबला की पण 'स्टंप्स'च म्हणतात. हा निव्वळ योगायोग आहे, मला माहितीये, पण मला तो सोडवत नाही.

वऱ्हाडात, खानदेशात किंवा गोव्याकडे कुठे अजून खांबाला थ ने काही म्हणत असतील तर जरूर सांगा, विशेषतः घराच्या लाकडी खांबाला किंवा गोठ्यातल्या खुंटाला. गुजरातच्या सीमेवरच्या गावांतलं नको, ते थांभलोच असणार.