तुरुंगातलं ते गाणं कुठलं?

प्रश्न: 'द शॉशँक रिडेम्प्शन' या सिनेमात कैदी अँडी तुरुंगाच्या लाउडस्पीकरवर बायकांचं गाणं लावतो, त्या दोघी नेमकं काय गातायत?

उत्तर: ते मोझार्टच्या 'ले नोत्झे दि फिगारो' या १७८६ च्या ऑपेरातलं (म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकातलं) आहे, आणि त्यात काउंटेस आपल्या बाहेरख्याली नवऱ्याला पकडायला चिठ्ठी सांगतेय न् तिची दासी सुझाना ती लिहून घेतेय, बस एवढंच! सुझाना शेवटचे शब्द परत म्हणते, लिहिताना आपण पुटपुटतो ना तसंच, म्हणून ते आवाज एकमेकांत इतके छान गुंफलेत. अँडीचा तुरुंगातला मित्र रेड, त्याला यातलं अक्षरही कळत नाही, तरी अख्खं मैदान मान वर करून थांबतं आणि वॉर्डन काचेवर धडका मारत असताना अँडी आवाज अजून वाढवतो, मला तर दरवेळी तिथे भरून येतं.